मालवणचा मेळावा आणि खर्चाची खतावणी

दिवाळीत वहीपूजन आटोपले, तुळशीची लग्ने लागली, की आपल्या व्यापारी घरांतून एक प्रश्न हमखास चर्चेला येतो : यंदाचा मेळावा कोठे घ्यायचा? कोणाला आपल्या मालाच्या गावोगावच्या विक्रेत्यांना दोन दिवस एकत्र बोलवायचे असते, कोणाच्या व्यापारी संघटनेची वार्षिक सभा असते, कोणी युवक मंडळाच्या शिबिरासाठी जागा शोधत असतो. मग खोलीचे भाडे, जेवणाचे ताट, बसचा प्रवास यांचे दर मागविले जातात आणि बहुधा गोवा, महाबळेश्वर किंवा लोणावळा यांपैकी एका नावावर शिक्कामोर्तब होते.

या चर्चेत एक रकाना मात्र रिकामा राहतो. दुकानात आलेला प्रत्येक रुपया कोठून आला आणि कोठे गेला याची नोंद ठेवणारा आपला समाज, मेळाव्यावर खर्च केलेला पैसा शेवटी कोणाच्या हाती पडला हे क्वचितच पाहतो. तो रकाना भरण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणचा किनारा निवडला, कारण कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, निपाणी, बेळगाव या आपल्या पेठांपासून तो घाट उतरला की येतो. आणि या प्रश्नाच्या उत्तरावर तेथील अनेक कुटुंबांचा संसार अवलंबून आहे.

रिकाम्या खोल्यांचा जिल्हा

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. १९९७ मध्ये त्याला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आले. असा दर्जा मिळालेला तो देशातील पहिला जिल्हा. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. इतके होऊनही २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. सारा देश वाढत असताना हा जिल्हा घटला. याचे कारण घरोघरी ठाऊक आहे. शिक्षण संपले की मुलगा मुंबई, पुणे किंवा गोव्याची वाट धरतो. गावात आईवडील, माडाची बाग आणि गणपतीला उघडायची वरची खोली एवढेच उरते.

त्याच वरच्या खोल्या गेल्या काही वर्षांत पर्यटकांसाठी उघडल्या. तारकर्ली, देवबाग, वायरी, भोगवे, निवती या गावांत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेतून आणि स्वतःच्या कर्जातूनही घरे सजली. मासेमारी करणाऱ्या घरांतील तरुण पाणबुडीचे शिक्षण घेऊन पर्यटकांना समुद्रतळाचे प्रवाळ दाखवू लागले. जाळ्यात धरलेला मासा एकदाच विकला जातो. पाण्यात जिवंत असलेला मासा दाखवून तेच घर रोज कमावू शकते. अहिंसेचा विचार मानणाऱ्या आपल्या वाचकांना या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको.

अडचण आहे ती दिवसांची. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, लागून आलेले शनिवार-रविवार आणि मे महिना एवढ्यात गर्दी उसळते. मे अखेरीस समुद्र खवळतो. जलक्रीडा आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात. उरलेल्या महिन्यांत सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या असतात. बँकेचा हप्ता मात्र सोमवार आणि रविवार असा भेद करीत नाही.

व्यावसायिक मेळाव्यांचे महत्त्व नेमके येथे आहे. सहलीला येणारे कुटुंब मुलांच्या शाळेचे वेळापत्रक पाहून येते. व्यापाऱ्यांची सभा जानेवारीच्या मंगळवारीही भरू शकते. ती महिनाभर आधी ठरते, एकदम चाळीस-पन्नास खोल्या घेते, आगाऊ रक्कम देते, आणि त्यातील दहाजण पुढच्या वर्षी घरच्यांना घेऊन पुन्हा येतात. रिकामा गेलेला खोलीचा दिवस साठवून ठेवता येत नाही. तो नाशवंत मालासारखा असतो. ज्याने भाजीचा व्यापार केला आहे त्याला हे लगेच उमजेल.

शेजारच्या गोव्याने काय केले

सिंधुदुर्गाची दक्षिण सीमा गोव्याला लागून आहे. वाळू तीच, माड तेच, भाषाही पुष्कळशी जवळची. मग मेळावे सीमेपलीकडे का जातात?

नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल राष्ट्रप्रमुखांची परिषद नवी दिल्लीत भरली आणि मधल्या विश्रांतीच्या बैठकीसाठी हे पाहुणे गोव्यात आग्वाद किल्ल्याच्या परिसरात उतरले. त्या काही दिवसांसाठी केलेल्या तयारीची खूण आजही शिल्लक आहे. पर्वरीकडून कळंगुटच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्याला लोक अजूनही ‘चोगम रोड’ म्हणतात. त्या परिषदेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आलेले हे नाव आहे. परिषद संपली, पाहुणे गेले, रस्ता राहिला आणि त्या रस्त्याने चार दशके व्यापार चालला.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो. तो बहुधा दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास येतो. त्यामुळे पणजीतील खानावळवाला, टॅक्सीवाला, छपाईवाला यांना आपल्या वर्षाचा अंदाज आधीच बांधता येतो. कामगार कधी घ्यायचे, माल कधी भरायचा, हे ठरविता येते. एकदाच होणारा मोठा समारंभ आणि ठरलेल्या काळात पुन्हा पुन्हा येणारा मध्यम समारंभ यांत गावाच्या दृष्टीने दुसरा अधिक मोलाचा. व्यापाऱ्याला एक मोठे गिऱ्हाईक आणि महिन्याची उधारी वेळेवर चुकविणारे दहा गिऱ्हाइके यांतील फरक ठाऊक असतोच.

एका दिवसाचा झगमगाट

मालवणनेही मोठा समारंभ अनुभवला आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा मुख्य सोहळा तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. पंतप्रधान आले, युद्धनौका आणि विमानांची प्रात्यक्षिके झाली, आणि राजकोट येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या राजाने २५ नोव्हेंबर १६६४ रोजी समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच्या आरमाराचे स्मरण येथे व्हावे हे सर्वस्वी उचित होते. त्या दिवसापुरती साऱ्या देशाची दृष्टी मालवणकडे वळली.

मात्र २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिनेही पुरे होण्याआधी, तो पुतळा कोसळला. पुढे २०२५ मध्ये तेथे नवा पुतळा उभा राहिला. या घटनेचे राजकारण येथे करावयाचे नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साडेतीनशे वर्षे उभा असलेला तट एका बाजूला आणि एका पावसाळ्यात पडलेले बांधकाम दुसऱ्या बाजूला, हे चित्र मालवणच्या जेट्टीवर उभे राहून कोणालाही दिसले. तारखेसाठी केलेले काम आणि टिकण्यासाठी केलेले काम यांतला हा फरक आहे. परिषदांच्या अर्थकारणातही तोच फरक पडतो.

गावाला टिकणाऱ्या गर्दीचा अनुभव नाही असे नव्हे. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा दरवर्षी भरते. तिची तारीख पंचांगात नसते. देवीचा कौल घेऊन ती ठरते आणि मग मुंबईच्या चाळीचाळींतून माणसे निघतात. कोकण रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात. लाखोंचा समुदाय येतो, मालवणी खाजे विकले जाते, दुकाने लागतात, परगावी गेलेला मुलगा घरी येतो आणि वाडीतील माणसेच सारी व्यवस्था पाहतात. बाहेरची कोणतीही व्यवस्थापन कंपनी लागत नाही. एवढे ज्यांना जमते त्यांना शंभर व्यापाऱ्यांची सभा जमणार नाही, असे म्हणण्यास आधार नाही.

दहा लाखांची खतावणी

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. आपापल्या अनुभवाप्रमाणे वाचकांनी ते बदलून पाहावेत.

समजा, शंभर विक्रेत्यांचा दोन रात्रींचा मेळावा आहे. पन्नास खोल्या, दर खोलीला रात्री ३,००० रुपये, म्हणजे ३ लाख. माणशी जेवणखाण २,५०० रुपये, म्हणजे अडीच लाख. स्थानिक वाहने व होड्या १ लाख. सभागृह, ध्वनिव्यवस्था, सजावट १ लाख. प्रत्येकास १,००० रुपयांची भेटवस्तू, १ लाख. पाहुण्यांची स्वतःची खरेदी माणशी १,५०० रुपये, म्हणजे दीड लाख. एकूण १० लाख.

पहिली पद्धत अशी. सारे एकाच मोठ्या विश्रामगृहात उतरतात, ज्याचा मालक परगावचा आहे. आचारी व शिधा वरून ट्रकने येतो. सजावटवाले गोव्याहून येतात. भेटवस्तू मुंबईच्या घाऊक बाजारातून आणलेली असते. कार्यक्रम इतका भरगच्च असतो की बाजारात जायला सवड नसते. अशा वेळी गावात काय राहते? नोकरांचे पगार समजा १ लाख, दूध-नारळाचे पंचवीस हजार, वाहनांचे पन्नास हजार, किरकोळ खरेदीचे पन्नास हजार. सव्वादोन लाख.

दुसरी पद्धत. पाहुणे शेजारशेजारच्या वीस घरांत उतरतात. स्वयंपाक बचतगटाच्या महिला करतात. गाड्या आणि होड्या गावच्या. सभा एखाद्या मंगल कार्यालयात किंवा माडांच्या सावलीत मांडव घालून. भेट म्हणून वेंगुर्ल्याचे काजू, कोकम, किंवा सावंतवाडीची लाकडी खेळणी. या तिन्ही वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. एक संध्याकाळ बाजारासाठी मोकळी. आता खोल्यांचे अडीच लाख, जेवणाचे दोन लाख, वाहनांचे नव्वद हजार, मांडवाचे साठ हजार, भेटीचे नव्वद हजार आणि खरेदीचे एक लाख दहा हजार जिल्ह्यात राहतील. बेरीज आठ लाख.

खर्च दोन्ही वेळा दहा लाखच. फरक पावणेसहा लाखांचा, आणि तो पडला केवळ खरेदी कोणाकडून केली यामुळे. परिषदांमुळे गावाचा विकास होतो हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. विकास करते ती परिषदेची खरेदी.

एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. त्या आठ लाखांतीलही काही रक्कम पुन्हा घाट चढून जाते. मालवणच्या किराणा दुकानातील डाळ, साखर आणि बाजारातील भाजी यांचा मोठा भाग कोल्हापूर-बेळगावकडून उतरतो. म्हणजे तेथील घर सावरले की त्या दुकानाची मागणी वाढते, आणि ती मागणी शेवटी आपल्याच पेठांत येऊन पोहोचते. हा दानधर्म नाही. चांगल्या अर्थाने हा व्यापारच आहे.

आयोजकाच्या शंका

यावर आयोजकाच्या मनात चार शंका येतात आणि त्या रास्त आहेत.

पहिली प्रवासाची. चिपी येथील विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. परंतु तेथील विमानसेवेत सातत्य राहिलेले नाही. दूरच्या पाहुण्यांसाठी २०२३ पासून सुरू असलेला गोव्यातील मोपा विमानतळ हा भरवशाचा मार्ग असून तेथून मालवण मोटारीने सुमारे दोन तासांवर आहे. रेल्वेने कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवली स्थानकावर उतरावे. वरून येणाऱ्यांना फोंडा, करूळ आणि आंबोली हे घाट आहेतच. पावसाळ्याच्या आसपास निघण्यापूर्वी घाट खुला असल्याची खात्री करावी.

दुसरी शंका जेवणाची. मालवण म्हटले की मासे, हा समज पक्का आहे. पण याच भूमीत ओल्या काजूची उसळ, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, केळफुलाची भाजी, घावणे, आंबोळी, नारळाच्या रसातले शिरवाळे आणि लसणाविना केलेली सोलकढी असे सुंदर शाकाहारी ताट आहे. कंदमुळे नकोत, कांदा-लसूण नको, पाणी गाळून हवे, भांडी स्वतंत्र हवीत आणि सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी हवे, हे महिनाभर आधी लेखी कळवावे आणि एकदा जाऊन पाहून यावे. थंडीत तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून शेवटचे सत्र साडेचारला संपविणे इष्ट. एकदा एखाद्या बचतगटाच्या हाती हे ताट बसले, की तो गट पुढच्या दहा मेळाव्यांना उपयोगी पडेल.

तिसरी शंका बिलाची. वीस घरांची वीस बिले कोण सांभाळणार? अनेक लहान यजमानांची उलाढाल वस्तू व सेवा कराच्या मर्यादेत बसत नाही, म्हणून ते नोंदणीकृत नसतात. तरी त्यांच्याकडून साधी पावती घेऊन बँकेमार्फत रक्कम दिली तर तो खर्च रीतसर नोंदविता येतो. रोखीने एका दिवशी एका व्यक्तीस १०,००० रुपयांहून अधिक रक्कम देणे मात्र टाळावे. आणखी एक मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. गोव्यातील हॉटेलच्या खोलीवर गोव्याचा कर लागतो आणि केवळ महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या पेढीला त्याची वजावट मिळत नाही. मालवणच्या नोंदणीकृत हॉटेलच्या बाबतीत, व्यवसायाच्या कामासाठी घेतलेल्या खोलीवरील कराची वजावट तिला मागता येते. आपल्या सनदी लेखापालाला विचारून हा हिशेब दरपत्रकासोबतच मांडावा. स्वस्त वाटलेला दर नेहमी स्वस्त नसतो.

चौथी शंका सुरक्षिततेची, आणि ती सर्वांत गंभीर. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. होडीची नोंदणी, माणसांची मर्यादा आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट या तीन गोष्टी आयोजकाने स्वतः पाहाव्यात. घाई असेल, वारा असेल, तर होडीचा कार्यक्रम रद्द करावा. यजमानाला त्यासाठी दूषण देऊ नये, उलट नाही म्हणणाऱ्या नावाड्यालाच पुढच्या वेळी बोलवावे.

किती आणि केव्हा

आणखी एका गोष्टीचे भान हवे. तारकर्ली-देवबागची पट्टी म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी जीभ. तेथील गोड्या पाण्याला मर्यादा आहे, कचरा टाकायला जागा नाही, आणि १९८७ पासून मालवणच्या समुद्राचा काही भाग सागरी अभयारण्य आहे. पाचशे माणसांचा मेळावा तेथे नेणे हे यजमानावर ओझे टाकणे होय. पन्नास ते शंभर माणसे, आठवड्याच्या मधल्या दिवसांत, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा जानेवारी-फेब्रुवारीत. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी पाण्याचे पिंप. उष्टे अन्न शून्य. कचऱ्याचे वर्गीकरण कसे करावे हे शिकायचे असेल तर जवळच वेंगुर्ले आहे. तेथील नगरपरिषदेने कचरा टाकण्याच्या जागेचे उद्यानात रूपांतर करून दाखविले. मेळाव्यातील एक सकाळ ते पाहण्यास दिली तर व्यापाऱ्यांनाही नवे काही मिळेल. दुसरी सकाळ सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग किल्ल्यासाठी ठेवावी. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांत या दोहोंचा समावेश होऊन त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला आहे.

सभा-संमेलने आपल्या समाजाला नवी नाहीत. स्तवनिधीच्या क्षेत्री १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने गावोगावी अधिवेशने भरवून शिक्षणाचा प्रसार केला. मे २०२२ मध्ये पुण्यात भरलेल्या ‘जितो कनेक्ट’ परिषदेने आपल्या उद्योजकांचे संघटित बळ दाखविले. या दोन टोकांच्या मध्ये दरवर्षी होणारे कितीतरी लहान मेळावे आहेत, आणि त्यांची जागा ठरविण्याचा अधिकार तुमच्या-आमच्यासारख्यांच्या हाती आहे. एखाद्या संघटनेने एकच मेळावा नव्हे, तर सलग तीन वर्षे ठराविक आठवडा मालवणला देण्याचे ठरविले, तर वीस घरे त्या आठवड्याच्या भरवशावर नवे स्नानगृह बांधू शकतील आणि महिला भांडी घेऊ शकतील. कदाचित मुंबईला निघालेला एखादा मुलगाही थांबेल.

मुंबईकडून महामार्गाने सिंधुदुर्गात शिरताना खारेपाटण लागते. या गावी सापडलेल्या एका ताम्रपटात, शके १०१६ म्हणजे इसवी सन १०९४ मध्ये, शिलाहार राजा अनंतदेव याने भाभण श्रेष्ठी आणि धनाम श्रेष्ठी या दोघा भावांच्या मालाला ठाणे, सोपारा, चौल या बंदरांतील जकात माफ केल्याचा उल्लेख आहे. नऊशे वर्षांपूर्वीही या किनाऱ्याला ठाऊक होते की व्यापारी यावेत असे वाटत असेल तर त्यांची वाट सुकर केली पाहिजे. आज ती वाट बरीच सुकर झाली आहे. पुढच्या मेळाव्याची दरपत्रके मागवाल तेव्हा त्यांत एक रकाना वाढवावा, ‘यातील किती रक्कम गावात राहील?’ असा, आणि तो भरल्यावरच जागा पक्की करावी.